चिलटवाले काका

“आतेच नको मारू. जमू दे आदी,” केसरीनाथ स्वतःशीच बोलला आणि मोबाईलच्या काचेवरून अंगठा उचलून धरला.

काचेतल्या खाणीत त्याचा शिपाई भिंतीला पाठ लावून उभा होता. खडकाच्या फटींतून मुठीएवढे किडे बाहेर पडत होते, पोत्याची शिवण उसवल्यावर धान्य ओघळावं तसे. ते शिपायाच्या पायांवर चढले, गुडघ्यापर्यंत आले, एकमेकांवर चढून त्यांचा ढीग झाला, तेव्हा कुठे केसरीनाथने अंगठा टेकवला. शिपायाच्या हातातल्या नळीतून आगीचा फवारा निघाला आणि सगळा ढीग एकदमच काळा पडला.

“आसंच ना?” त्याने मान वळवून विचारलं.

“आसंच,” मागे उभा असलेला कल्पेश म्हणाला.

त्याने बापाच्या हातात मोबाईल दिला तो थोडा गमतीने आणि थोडा नाइलाजाने. खेळ चौघांचा होता. त्याच्या टोळीतला दिनेश नोकरीसाठी पुण्याला गेला आणि चौथी जागा रिकामी पडली. त्या जागेवर रोज कोणीतरी अनोळखी येई, मोठ्या जनावरांच्या मागे धावे आणि डाव हरतोय असं दिसलं की न सांगता निघून जाई. बारक्या किड्यांकडे कोणीच बघत नसे. ते मारून गुण मिळत नव्हते, शेवटी पडद्यावर नाव झळकत नव्हतं. पण डाव बुडायचा तो त्यांच्यामुळेच. किडे जीव घेत नसत. पायांवर चढायचे, नेम हलवायचे, डोळ्यांसमोर यायचे. त्यांना झटकण्यात बंदूक रिकामी झाली की नेमक्या त्याच वेळी मोठं जनावर धडक द्यायचं.

केसरीनाथ हे सगळं महिनोन्‌महिने मुलाच्या खुर्चीमागे उभा राहून बघत आला होता. भिवंडीतला लूमचा कारखाना बंद पडल्यापासून दिघाशीच्या त्या घरात त्याला दुपारनंतर काही काम नसे. एकदा तो म्हणाला होता, “ही बारकी कोनच कसा मारत न्हाय? ही चिलटं गेली तर बाकीचं सोपं हाय.” कल्पेशने तेव्हा हं म्हणून सोडून दिलं होतं. आता त्याने आपला जुना मोबाईल काढला, त्यात खेळ घातला, फवाऱ्याची नळी निवडून दिली आणि बापाला शिकवायला बसला. शिकवायला फार काही लागलं नाही. लूमवर लागण्याआधी फवारणीचा पंप पाठीला बांधून केसरीनाथने कितीतरी वर्षं भाताच्या खाचरात काढली होती. एका जागी उभं राहायचा त्याला कंटाळा नव्हता.

“नाव काय ठेवू तुझं?” कल्पेशने विचारलं.

“केसरी ठेव. शाळंत बोलवायचे तसा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली शिफ्ट संपवून कल्पेश पडघ्याजवळच्या गोडाऊनवरून घरी आला. चहा घेऊन तो आतल्या खोलीत संगणकापुढे बसला आणि त्याने हेडफोन डोक्याला लावला. केसरीनाथ बाहेर ओटीवर, भिंतीला टेकून, मोबाईल दोन्ही हातांत धरून बसला होता. कानांत इअरफोनच्या वायरी. शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या मुलासारखा तो ताठ बसला होता.

“चौथा कोण आणलास?” हेडफोनमधून कुमारचा आवाज आला. कुमार ठाण्याचा. कुठल्याशा कंपनीत इंजिनीअर होता आणि टोळीचा म्होरक्या होता. “हा केसरी कोण आहे?”

कल्पेशच्या ओठांवर ‘बाबा’ आलं होतं. तेवढ्यात नेत्रा म्हणाली, “फोटो पण नाही लावलेला. नवीन दिसतोय.”

नेत्रा डोंबिवलीची. तिघांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण वर्षभर रोज संध्याकाळी बोलून बोलून कल्पेशला तिच्या आवाजाची सवय झाली होती. तिच्याशी बोलताना त्याची भाषा आपोआप स्वच्छ व्हायची. घरातलं हाय-न्हाय तो हेडफोन घालताना बाहेर ठेवत असे. एकदा तिने विचारलं होतं, भिवंडीत सगळ्यांचे लूमच असतात ना? तेव्हा तो म्हणाला होता, हो, बाबांचेही होते. लूम होते हे खरं होतं. बाप त्यांच्यापुढे उभा राहून ड्युटी करत होता, एवढंच त्याने सांगितलं नव्हतं.

“आमच्या गोडाऊनवरचे एक काका आहेत,” कल्पेश म्हणाला. “वॉचमन आहेत. रिकामेच बसलेले असतात, म्हटलं घेऊ या.”

“अरे वा,” नेत्रा हसली. “ऐकतायत का ते आपलं?”

“नाही, नाही. त्यांचा आवाज जोडायचाय अजून. थांबा, मी फोन करून सांगतो त्यांना.”

त्याने हेडफोन काढला आणि तो ओटीवर आला. बापाच्या हातातल्या मोबाईलवर वाकून त्याने माईकचं चिन्ह दाबलं. त्या चिन्हाच्या शेजारीच कानाचं चिन्ह होतं. ते आधीपासून हिरवं होतं, म्हणजे ऐकू येणं चालूच होतं.

कल्पेशचं बोट काचेवर तसंच राहिलं. केसरीनाथ काचेकडे बघत होता.

“झाला?” त्याने विचारलं.

“झाला. आते बोल.”

खोलीत परत जाताना कल्पेशने स्वतःला समजावलं की बाबाला कमीच ऐकू येतं. इतकी वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला इअरफोनमधलं बारीक बोलणं काय कळणार?

“नमस्कार मंडळी!” केसरीनाथ ओरडला. लूमवरून घरी येऊनही तो लूमवर असल्यासारखाच बोलायचा. ओटीवरून भिंतीतून एक आणि हेडफोनमधून एक, असा तो आवाज कल्पेशला दोनदा ऐकू आला.

“बापरे, काका, हळू!” कुमार हसत म्हणाला. “कान गेले आमचे.”

“हां हां. हळू बोलतो.”

डाव सुरू झाला. खाणीत उतरायचं, खाली पुरलेला पेटारा शोधायचा आणि तो चौघांनी मिळून लिफ्टपर्यंत आणायचा. कुमार पुढे, नेत्रा उंचावरून नेम धरून, कल्पेश पेटाऱ्याजवळ. केसरीनाथ सगळ्यांच्या मागे होता. फटींतून किडे ओघळले तेव्हा तो थांबला, भिंतीला पाठ लावली, ढीग होऊ दिला आणि फवारा सोडला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. कुमारची बंदूक पहिल्यांदाच शेवटपर्यंत भरलेली राहिली.

“काका, भारी,” तो म्हणाला. “किडेच येत नाहीयेत पायात.”

“चिलटं हायेत ती,” केसरीनाथ म्हणाला. “चिलटांच्या मागं धावायचं नस्तं. ती येतात आपली आपून.”

“चिलटं!” नेत्राला शब्द आवडला. “आजपासून चिलटंच म्हणायचं.”

कल्पेशचे खांदे सैल झाले. लिफ्ट समोर दिसत होती. तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला, “कल्पेशसाहेब, मागं हाय तुमच्या. मागं बघा.”

कल्पेशचा हात माऊसवर थिजला. रेड्याएवढं जनावर मागून आलं आणि त्याच्या शिपायाला भिंतीवर आपटून पुढे गेलं.

“अरे सांगितलं ना काकांनी!” कुमार ओरडला. “झोपलायस काय?”

आयुष्यात केसरीनाथने मुलाला कल्पेश म्हटलं होतं, कल्प्या म्हटलं होतं, राग आला तर मेल्या म्हटलं होतं. तुम्ही कधी म्हटलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले. कल्पेशच्या आईने, आनंदीबाईंनी, भाकऱ्या वाढल्या. कल्पेश भाकरीचे तुकडे कालवणात बुडवत राहिला आणि बाप काय बोलतो याची वाट बघत राहिला.

“ती पोरगी बरी खेळते,” केसरीनाथ म्हणाला. “नेम चांगला हाय तिचा.”

“हं.”

“आन तो कुमार लय घाई करतो.”

“बाबा,” कल्पेश म्हणाला.

“हां?”

त्याने पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला.

“उद्या जरा आवाज हळू ठेव.”

“ठेवतो की,” केसरीनाथ म्हणाला आणि त्याने भात मागितला.

त्यानंतर रोजच खेळ होऊ लागला. टोळी कधी नव्हे ती जिंकायला लागली. कुमार आणि नेत्रा आल्या आल्या आधी चिलटवाले काका आलेत का ते विचारायचे. त्यांची ड्युटी कशी असते, जेवले का, पाय दुखतो का, हे विचारायचे. केसरीनाथ अगदी थोडकं उत्तर द्यायचा. ड्युटी बरी हाय. साहेब सांभाळून घेतात. खोटं बोलताना तो अडखळायचा नाही, पण एक शब्दही जास्तीचा बोलायचा नाही. आपल्यामुळे मुलाचं काही उघडं पडू नये म्हणून तो वाक्य मोजूनमापून तोडतोय, हे कल्पेशला भिंतीच्या अलीकडे बसून कळायचं. मग त्यालाही बोलावं लागायचं. “काका, तुम्ही डावीकडे या.” “काका, तुम्ही थांबा तिथंच.” पहिल्यांदा हे म्हणताना त्याची जीभ जड झाली होती. पुढे ती सैल होत गेली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

सांगायला रोज वेळ होता. सकाळी बाप गाडी पुसून ठेवायचा तेव्हा, संध्याकाळी चहा पिताना, खेळ संपल्यावर केसरीनाथ इअरफोनची वायर बोटांभोवती गुंडाळत बसायचा तेव्हा. कल्पेश उंबऱ्यापर्यंत यायचा आणि दाराला हात लावून परत फिरायचा.

एकदा आनंदीबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“अवो, साहेब कोनाला बोलता मघापासून?”

केसरीनाथने मोबाईलवर पंजा ठेवला. “खेलात बोलावं लागतं तसं,” तो म्हणाला. “ज्याची त्याची पोस्ट असते. तू जा आत.”

आतल्या खोलीत कल्पेश हेडफोन कानांवर दाबून धरून बसला होता.

आणि मग एका संध्याकाळी डाव बुडाला. सगळ्यात खोल असलेल्या त्या खाणीत ते पहिल्यांदाच पोचले होते. पेटारा लिफ्टच्या तोंडाशी आला होता. समोर रेड्याएवढं जखमी जनावर दिसलं आणि ते आपणच मारावं म्हणून कल्पेश जागा सोडून धावला. फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर गेला. चिलटं छतावरून त्याच्या अंगावर पडली, काच सगळी काळी झाली, बंदूक रिकामी झाली, आणि मग एकामागून एक चौघंही पडले.

“काका, काय करताय तुम्ही?” कल्पेश ओरडला. “एवढंसं काम दिलंय तुम्हाला! तेवढं पण होत नाही?”



“चुकलं, साहेब,” केसरीनाथ म्हणाला. “फुडच्या बारीला बघतो.”

“त्यांची काय चूक?” कुमार हळूच म्हणाला. “तू लांब गेलास, कल्पेश.”

नेत्रा म्हणाली, “आज बास करू या,” आणि तिचं नाव पडद्यावरून गेलं.

कल्पेश बाहेर आला. केसरीनाथ ओटीवरून उठत होता. गुडघ्यावर हात टेकून त्याने आधी एक पाय सरळ केला, मग दुसरा.

“बाबा, मी ते…”

“तू लय फुडं गेलास,” केसरीनाथ म्हणाला. “मी हाक मारनार होतो. पन मना वाटलं, साहेबाला हाक मारून थांबवायचं कसं?” तो हसला. हसण्यात टोमणा नव्हता. काम करताना आलेली अडचण सांगावी तसं त्याने सांगितलं आणि तो हातपाय धुवायला मागच्या दारी गेला.

त्या आठवड्यातच कुमारने सांगितलं की रविवारी तो आणि नेत्रा वज्रेश्वरीला येतायत. नेत्राच्या मावशीचा नवस होता आणि कुमारची गाडी होती. दिघाशी वाटेवरच होती.

“तुझ्याकडे येतो आम्ही,” कुमार म्हणाला. “एवढं वर्ष खेळतोय, तोंड तरी बघू. आणि काकांना बोलव. त्यांना भेटायचंच आहे.”

कल्पेशने बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी बापाचा आवाज आला.

“रविवारी ड्युटी हाय माझी. पुन्यांदा कदी भेटू.”

“रविवारी पण?” नेत्राने विचारलं.

“आमाला काय रविवार नि काय सोमवार, ताई.”

रविवारी सकाळी केसरीनाथने इस्त्रीचा सदरा घातला. शेलारला बहिणीकडे जाऊन येतो, बरेच दिवस झाले रंगूला भेटून, असं त्याने बायकोला सांगितलं. आनंदीबाई चिडल्या. पोराचे मित्र पहिल्यांदा घरी येतायत, कोंबडी आणायला सांगितलीय, आणि आजच कशी आठवण झाली बहिणीची? केसरीनाथने पिशवीत बहिणीसाठी शेवग्याच्या शेंगा घेतल्या. दारात कल्पेश उभा होता.

“मी सोडू का तुला?” कल्पेशने विचारलं.

“नको. रिक्षा भेटंल नाक्यावर. तू थांब, मानसं येतील तुझी.”

कल्पेश बाजूला झाला. बाप रस्त्याला लागला, वळणावरच्या चिंचेपर्यंत गेला, दिसेनासा झाला. बाप गेला म्हणून कल्पेशला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच त्याला स्वतःची किळस आली.

दुपारच्या आधी गाडी आली. कुमार आवाजावरून वाटायचा त्यापेक्षा ठेंगणा होता. नेत्राचे केस कापलेले होते, हातात प्रसादाचा पुडा होता. मावशी देवळाजवळ ओळखीच्यांकडे थांबल्या होत्या. दोघांनी आनंदीबाईंना वाकून नमस्कार केला, मागचं परसदार बघितलं, आतल्या खोलीत कल्पेशचा संगणक बघितला. जमिनीवर पानं मांडली. आनंदीबाई तव्यावरून तांदळाची गरम भाकरी थेट पानात टाकत होत्या.

“पोटभर जेवा,” त्या म्हणाल्या. “याचा बाप असता तर बरं झालं असतं. येवड्या हौशीनं खेलतात तुमच्यासंगती रोज. तिकडं ओटीवर बसून. आन आज तुमी येनार, तर गेले उठून बहिनीकडं. मानसाला काय बोलायचं?”

कल्पेशचा हात पानावर थांबला. त्याने वर बघितलं नाही. आता कुमार काहीतरी विचारेल, नेत्रा काहीतरी विचारेल, म्हणून तो वाट बघत राहिला. भाकरीची वाफ चेहऱ्याला लागत होती.

“काकी, रस्सा वाढा ना अजून,” कुमार म्हणाला.

नेत्रा मान खाली घालून जेवत होती. कोणालाही नवल वाटलं नव्हतं.

आनंदीबाई रश्श्याचं पातेलं आणायला आत गेल्या. कल्पेश उठला, मोरीत जाऊन त्याने हात धुतले आणि तो ओटीवर येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने नेत्रा बाहेर आली.

“कधीपासून माहीत आहे?” त्याने विचारलं. तिच्याकडे न बघता.

“पहिल्या दिवसापासून.” ती ओटीच्या कडेला बसली. “तुमच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ती तुझ्या माईकमधून पण आली आणि त्यांच्या माईकमधून पण. एकदमच. मग तुझी आई काहीतरी बोलली, ते पण दोन्हीकडून.”

“मग बोलली का नाहीस?”

“आम्हाला वाटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील.” तिने प्रसादाचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “ते तुला साहेब म्हणायचे ना, तेव्हा कुमार आवाज बंद करायचा. त्याला ऐकवायचं नाही. परवा तू ओरडलास तेव्हा आम्ही ठरवलं की परत खेळायचंच नाही. मग म्हटलं, काकांचं काय? ते रोज येऊन बसतील.”

कल्पेशने ओटीच्या खांबाला हात लावला. इतके दिवस एका घरात एक माणूस त्याची लाज झाकत होता, असं त्याला वाटत होतं. झाकणारे तिघं होते. त्याच्या खोट्याभोवती सगळे पाय न वाजवता चालत होते, आणि आपण किती सफाईने बोलतो याचं त्याला कौतुक होतं.

“इथेच बसतात का ते?” नेत्राने विचारलं.

“हो.”

ती बसल्या जागेवरून थोडी सरकली.

कल्पेश आत गेला. त्याने खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

“कुमार, तुम्ही थांबाल का थोडं?” तो म्हणाला. “मी आलोच.”

“थांबतो की,” कुमार म्हणाला. तो आनंदीबाईंकडून चौथी भाकरी घेत होता. “आणल्याशिवाय येऊ नकोस.”

शेलारच्या रस्त्याला कंटेनरची रांग लागली होती. कल्पेश त्यांच्या कडेकडेने, धुळीतून गाडी काढत राहिला. बापापुढे उभं राहून काय बोलायचं ते तो वाटेत जुळवत होता. माफ कर म्हणावं? घरात असं कोणी कोणाला म्हणत नसे. चुकलो म्हणावं? ते बापाने आधीच त्याच्यासाठी म्हणून टाकलं होतं, साहेब लावून. दर वेळी वाक्य अर्धं जुळायचं आणि समोरचा ट्रक ब्रेक मारायचा.

रंगूबाईच्या घराच्या सावलीत केसरीनाथ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. भाच्याच्या लहान मुलीला मांडीवर घेऊन तो तिला कोंबड्या दाखवत होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने वर पाहिलं आणि मुलीला खाली उतरवलं.

“काय झाला? गेले काय तुजे मित्र?”

“न्हाय. थांबलेत.”

“मंग त्यांना टाकून कशाला आलास?” केसरीनाथ उठला. “काय कमी पडला काय? कोंबडी भेटली ना?”

“भेटली. तुला न्यायला आलोय, बाबा. ते तुझ्यासाठी थांबलेत.”

केसरीनाथ मुलाकडे बघत राहिला. कल्पेशने गाडी बंद केली नव्हती. दोन्ही मुठी हँडलवर होत्या आणि नजर टाकीवर. काहीतरी बिनसलंय, पोरगं अडचणीत आलंय, एवढंच केसरीनाथला कळलं असावं. तो लगबगीने आत गेला. आत भांड्यांचा आवाज झाला, रंगूबाई काहीतरी म्हणाल्या, जेवून जा म्हणाल्या असतील. तो टोपी घालून, रिकामी पिशवी घडी करून खिशात कोंबत बाहेर आला. सदऱ्यावर मुलीच्या हाताचे मातीचे डाग पडले होते, ते त्याने झटकले.

गाडीवर बसण्यासाठी त्याने कल्पेशच्या खांद्यावर हात ठेवला. एक पाय उचलला आणि पुन्हा जमिनीला टेकवला. मागे वळून त्याने दाराकडे पाहिलं. बहीण आत होती. मग तो मुलाच्या कानाशी वाकला.

“मंग मी कोन म्हनून येऊ?” त्याने विचारलं. “ते सांग आदी. नायतर मी तिकडं कायतरी चुकीचं बोलंन.”

त्याच्या विचारण्यात राग नव्हता. काम नीट व्हावं एवढीच त्याला काळजी होती.

कल्पेशने किल्ली फिरवून गाडी बंद केली. स्टँड लावला आणि तो खाली उतरला. गाडीवर बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.